चुंबकाच्या सहा पेट्या : सोलापुरातल्या एका शाळेतल्या कामाच्या नोंदी

३ जानेवारी

सहावी-सातवीला चुंबक शिकवताना दरवर्षी तेच होतं. मी टेबलावर टाचण्या उचलून दाखवते, पुढच्या दोन बाकांना दिसतं आणि मागचे वहीत उत्तर लिहून मोकळे होतात. यंदा आठ मुलांना एक, अशा सहा पेट्या करायचं ठरवलं आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी त्या मुलांच्या हातात पडायला हव्यात. शाळेकडून १५०० रुपये मिळाले.

आज कपाटातला जुना पत्र्याचा डबा उघडला. त्यात १४ पट्टी चुंबक कसेही कोंबलेले होते. एकाचा तुकडा पडलेला, उरलेले १३. त्यातले पाचच बरी ताकद राखून आहेत. बाकीच्यांना एक टाचणीसुद्धा धड धरवत नाही. जोडी न लावता वर्षानुवर्षं एकत्र टाकले की असंच होतं. सजातीय ध्रुव शेजारी आले की ते एकमेकांची ताकद कमी करतात, त्यात आपटणं आलंच.

५ जानेवारी

आज एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं वेळापत्रक बदललं.

पाच चांगल्या चुंबकांपैकी दोघांच्या लाल टोकांमध्ये ओढ होती. लाल म्हणजे उत्तर, आणि उत्तर-उत्तर दूर ढकलायला हवेत. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पुस्तकात उलटं छापलंय का?" पुस्तक बरोबर होतं, आमच्या एका चुंबकाचा रंग खोटा होता. पण दोघांपैकी कोणाचा?

कपाटातलं होकायंत्र आणलं. खिडकीत ठेवलं तर एक दिशा, टेबलावर दुसरी. मग मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं, ते तिसरीकडेच. मोबाइलच्या कव्हरला झाकण बंद ठेवणारं छोटं चुंबक आहे, हे माझ्या लक्षात यायला पाऊण तास गेला. कव्हर काढलं तरी टेबलावर गोंधळ कायम होता. टेबलाचे पाय लोखंडी पाइपचे आहेत, बाकांचेही तसेच, आणि स्लॅबमध्ये सळया.

हे नुसतं आमच्या वर्गाचं दुखणं नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. तिथली इमारतही चुंबकाला ओढ न लावणाऱ्या पोरबंदरी दगडात बांधली. तारेतून वाहणारी वीज आणि आसपासचं लोखंड सुईला भुलवतं, हे त्या लोकांनी इतकं मनावर घेतलं होतं. आपण मात्र लोखंडी बाकावर होकायंत्र ठेवून मुलांना उत्तर दिशा विचारतो.

८ जानेवारी

चुंबकाला चुंबकानं तपासायचं नाही, आधी सूर्याकडून उत्तर दिशा घ्यायची, असं ठरवलं. मैदानात एक मीटर काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. सर्वांत लहान सावली उत्तर दाखवते, एवढंच डोक्यात होतं.

चूक पहिली : बरोबर १२ वाजता मुलांना उभं केलं. घड्याळातले १२ म्हणजे सोलापूरची दुपार नव्हे. भारताची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, आपण ७५.९ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर २६ मिनिटांचा फरक पडतो. जानेवारीत सूर्य आणखी सहा-सात मिनिटं मागे असतो, म्हणजे आपली खरी दुपार आज १२:३३ च्या सुमारास.

चूक दुसरी : माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी बदलतच नाही म्हटलं तरी चालेल. १२:२५ ते १२:४० मधल्या चार खुणा ८४ सेंटिमीटरच्या आसपासच आल्या, दिशा मात्र प्रत्येकीची वेगळी. कोणती धरायची? मधली सुट्टी संपली, मुलं उपाशीच वर्गात गेली. त्याचं मला वाईट वाटलं. अशा कामाला सुट्टीची वेळ घेऊ नका.

९ जानेवारी

आज जुन्या पंचांगकर्त्यांची शंकूची रीत वापरली. साडेअकराला सावलीचं टोक जिथे होतं तिथून, काठी मध्य धरून, सुतळीनं वर्तुळ आखलं. सावली आत आखडत गेली, मग पुन्हा वाढत १:३६ ला वर्तुळाला टेकली. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा. तिला काटकोन म्हणजे दक्षिणोत्तर. मधल्या दोन तासांत काहीच करायचं नव्हतं, फक्त काठी हलू द्यायची नव्हती. त्यासाठी पाचवीच्या दोन मुलांना राखण बसवलं.

होकायंत्र दाखवतं ती उत्तर आणि ही खरी उत्तर यांत सोलापुरात फरक इतका थोडा आहे की शाळेच्या होकायंत्रावर तो वाचता येत नाही. त्यामुळे ही रेषा मी बिनधास्त प्रमाण मानली. चुन्यानं आखून ठेवली आहे, पावसाळ्यापर्यंत टिकेल.

मग लाकडी स्टूल रेषेवर ठेवून, शिवणाच्या दोऱ्यानं एकेक चुंबक मधोमध टांगला. पीळ असलेला दोरा आधी तासभर वजन लावून लोंबकळत सोडा, नाहीतर चुंबक फिरतच राहतो. तपासल्यावर निघालं ते असं : पाचांपैकी दोघांचे रंग उलटे होते, आणि कपाटातल्या होकायंत्राची सुईसुद्धा उलटी! कोणीतरी कधीतरी जोरदार चुंबक तिच्यावर टेकवला असणार. म्हणजे या होकायंत्रावर विसंबून मी गेल्या वर्षी काय शिकवलं असेल, हा विचार दिवसभर जात नाही.

आणखी एक निरीक्षण मुलांचं. टांगलेला चुंबक आडवा राहत नाही, उत्तरेचं टोक जरा खाली झुकतं. दोरा मधोमध नाही असं मला वाटलं. दोन वेळा सरकवला, वजनही तपासलं. दोरा बरोबरच होता. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे जमिनीला समांतर नाही, ते उत्तरेकडे तिरकं जमिनीत शिरतं. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं. जितकं उत्तरेला जावं तितका झुकाव वाढतो. हे फळ्यावर सांगून कधीच पटलं नसतं.

१७ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे मधला आठवडा गेला. निम्मी मुलं गैरहजर, दुकानंही उघडी-बंद. यात्रेत बटणाएवढी चकाकती, फार ताकदीची चुंबकं खेळण्यात विकायला होती. चार घेतली आणि घरी येऊन पेटीबाहेर ठेवली. अशी दोन चुंबकं मुलानं गिळली तर आतड्याच्या दोन पदरांना मधे धरून ती एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं. ताकद कितीही मोहाची असो, सहावीच्या पेटीत ती जाणार नाहीत.

१९ जानेवारी

मेलेले आठ चुंबक घेऊन मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे गेले. यंत्रमागांच्या मोटारी जळल्या की त्यांच्याकडेच येतात. त्यांनी २० गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तारेचं ३०० वेढ्यांचं कॉइल पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून दिलं. नळीत चुंबक सरकवायचा, ट्रकच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला एक सेकंद तार टेकवायची, काढायची. ठिणगी उडते, कॉइल गरम होतं. हे काम मुलांसमोर करायचं नाही. मी चष्मा लावून फक्त चुंबक सरकवत होते.

पहिले तीन उलटे भरले. तारेचं कोणतं टोक बॅटरीच्या कुठल्या बाजूला लावलं याची खूण मी केलीच नव्हती. ध्रुव रंगाप्रमाणे यावेत म्हणून पुन्हा उलट भरावं लागलं. काका म्हणाले, "मॅडम, आधी एकावर बगा, मग बाकीचे घाला की ओ. आमी मोटारीला पण तसंच करतो." पुढचे पाच पहिल्याच फटक्यात जमले. आठही चुंबक आता सात-आठ टाचण्या धरतात. काकांनी पैसे घेतले नाहीत.

परत येऊन सगळ्यांची लाल टोकं चुन्याच्या रेषेवर टांगून तपासली, मगच नवा ऑइलपेंट दिला. जोडी-जोडीनं विजातीय ध्रुव एका बाजूला येतील असे ठेवले, मधे लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. या तुकड्यांनी बलरेषांचा, म्हणजे चुंबकाची ओढ ज्या रेषांनी पसरते त्यांचा, फेरा लोखंडातूनच पुरा होतो, म्हणून ताकद टिकते. कपाटातल्या डब्यात हे तुकडे कधीच हरवले होते.

२२ जानेवारी

बलरेषा दाखवायला लागणाऱ्या लोखंडाच्या किसानं मला सर्वांत जास्त दमवलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून पिशवीभर भुसा आणला. घरी उघडला तर कुरळ्या लांब कड्या, तेलात माखलेल्या. निम्म्यांना चुंबक ओढतच नव्हता, कारण ते स्टेनलेस स्टील होतं. उरलेलं धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुतलं, तेल गेलं. गच्चीवर वाळत घातलं आणि सकाळी बघते तर सगळं तांबडं. रात्रभरात गंज. पिशवी, दोन दिवस आणि गच्चीची फरशी, तिन्ही वाया.

ग्राइंडरखालची भुकटी एकानं सुचवली. तिच्यात दगडाच्या चाकाची खर असते, फुंकर मारली तरी डोळ्यात जाते. मुलांच्या हाती ती द्यायची नाही.

शेवटी दोन गोष्टी जमल्या. पहिली, साध्या लोखंडी सळईला हॅक्सॉ ब्लेडनं कापताना पडणारा भुसा. तो बारीक, कोरडा, एकसारखा असतो. शिपाईमामांनी अर्ध्या तासात चहाच्या दोन कपांइतका पाडून दिला.

दुसरी मुलांनी शोधली. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मैदानाच्या कडेला, पावसाच्या पाण्यानं वाळू साचते तिथे फिरवला, तर पिशवीला काळे बारीक दाणे चिकटले. पिशवी उलटी केली की दाणे वहीवर. एका तासात सहा जणांनी मिळून काड्यापेटीभर गोळा केले. हे मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज. आपला काळा कातळ म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो झिजला की त्यातले हे दाणे मातीत मिसळतात आणि वजनदार म्हणून पाण्याच्या वाटेत मागे राहतात. तो लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांत गोठून राहिली. त्यावरूनच शास्त्रज्ञांनी ताडलं की तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मुलांना हे सांगितलं तेव्हा एक जण हातातला खडा खिशात घालून घरी गेला.

काळे दाणे बलरेषा दाखवायला किसाइतके चांगले नाहीत, रेषा जाड येतात. पण विकत काहीच घ्यावं लागत नाही, आणि ते गंजून तांबडे होत नाहीत. प्रत्येक पेटीत दोन्ही ठेवले.

२४ जानेवारी

बलरेषांचा पहिला तास. एका गटानं पुठ्ठा न ठेवता कीस थेट चुंबकावर टाकला. टोकाला काळी दाढी उगवली आणि ती पुसून निघेना. फडकं, ब्रश, फुंकर, काही नाही. चाळीस मिनिटं गेली. शेवटी चिकटपट्टी दाबून दाबून काढलं.

आता प्रत्येक चुंबक पेटीतच पारदर्शक पिशवीत राहील. कीस लागला तरी चुंबक पिशवीबाहेर काढला की खाली पडतो. पुठ्ठा सरळ धरायला दोन वह्या बाजूला, आणि पुठ्ठ्यावर पेनानं हलकेच टकटक. टकटक जोरात केली तर रेषा मोडतात, नाही केली तर कीस जिथे पडला तिथेच बसतो. सहावीच्या मुलांना हे पाचव्या प्रयत्नाला जमलं. रेषा एकमेकींना छेदत नाहीत, ही गोष्ट त्यांनीच बोलून दाखवली.

२७ जानेवारी

स्वतः चुंबक करायचा तास. मी घरचे लोखंडी खिळे दिले होते. अर्धा तास घासूनही खिळा पाच मिनिटांत रिता. मऊ लोखंड लवकर चुंबक होतं आणि तितक्याच लवकर विसरतं. शिवणाची सुई पोलादी, ती धरून ठेवते.

एका मुलीचे वडील यंत्रमागावर आहेत. तिनं मागावरचे धागे वेगळे ठेवणाऱ्या फणीच्या मोडक्या पोलादी पट्ट्या आणल्या होत्या, अगदी पातळ. तीस वेळा घासल्यावर त्या सुईपेक्षा चांगल्या निघाल्या. सोलापुरात असाल तर फणीचा तुकडा मागून घ्या, कारखान्यात असे कोपऱ्यात पडलेले असतात. कडा धारदार असतात, म्हणून कापण्याचं काम मी पक्कडीनं स्वतः केलं आणि टोकांना टेप लावला.

निम्म्या गटांनी पुढे-मागे घासलं, त्यामुळे काहीच झालं नाही. एकाच दिशेनं घासायचं, टोकाला पोचलं की चुंबक उंच उचलून परत सुरुवातीला आणायचा. ज्या टोकाला घासणारा उत्तर ध्रुव शेवटी सुटतो ते टोक दक्षिण होतं. मुलं आधी अंदाज लिहितात आणि मग तपासतात, असं केलं तर तास अंगात मुरतो.

तपासायला सुई थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात सोडली. पहिली वाटी स्टीलची घेतली, सुई काठाला जाऊन चिकटली. श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला तरी तुकडा काठाकडेच सरकत होता. हे चुंबकाचं काम नव्हे, पाण्याच्या काठाशी वर चढणाऱ्या कडेचं. डबा पाण्यानं काठोकाठ, थोडा फुगीर होईपर्यंत भरला की तुकडा मधे राहतो. एवढ्यावर वीस मिनिटं गेली, पण पुढे कुठल्याच गटाला अडचण आली नाही.

चुंबक झालेली पट्टी मी मधोमध कापून दिली. दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव. पुन्हा कापली, पुन्हा तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एकटा उत्तर निघणारच नाही का?" कितीही कापलं तरी निघत नाही, हे तिनं स्वतः चार तुकड्यांवर पाहिलं.

३० जानेवारी

विद्युतचुंबक. २६ गेजची तार, १०० ग्रॅम, १०० रुपये. बोल्टावर १०० वेढे, पेन्सिल सेल जोडला. काही नाही. सेल बदलला, बोल्ट बदलला, तास संपला. संध्याकाळी काकांना फोन केला. "मॅडम, तारंवर वार्निश हाय की ओ. टोक खरवडलं का?" नव्हतं खरवडलं. तार दिसायला उघड्या तांब्यासारखी, पण तिच्यावर पातळ रोधक लेप असतो. टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. लेप जाळून काढू नका, धूर वाईट असतो.

३ फेब्रुवारी

टोकं घासल्यावर चुंबक झाला, सेल मात्र चार-पाच मिनिटांत तापून संपला. बारा पेन्सिल सेल असे गेले, १४४ रुपये. तीन मीटर जाड तारेचा रोध अर्ध्या ओहमहूनही कमी, म्हणजे सेल जवळजवळ शॉर्टच. ३२ गेजची तार आणली, २०० वेढे, साधारण सहा मीटर. रोध पावणेदोन ओहम. मोठे सेल घेतले आणि घराच्या बेलचं बटण बसवलं, बोट सोडलं की प्रवाह बंद.

मग नवी तक्रार. बटण सोडलं तरी टाचण्या पडेनात. बोल्ट कडक पोलादाचा होता, तो चुंबकत्व धरून बसला. सहाही बोल्ट घरी शेगडीत लाल केले आणि राखेत रात्रभर पुरून सावकाश थंड होऊ दिले. सकाळी मऊ झाले, टाचण्या पडू लागल्या. ५० वेढ्यांना तीन टाचण्या, १०० ना सहा, २०० ना अकरा.

शेजारच्या गटाचं होकायंत्र बटण दाबताच फिरलं, ते त्यांनी मला ओढत नेऊन दाखवलं. १८२० साली डेन्मार्कमध्ये ओर्स्टेडलाही हेच दिसलं होतं, तारेतून वीज सोडली आणि जवळची सुई वळली. त्या गटाला मी पुढची वीस मिनिटं काहीच सांगितलं नाही. त्यांनी सेल उलटा लावून सुई दुसरीकडे वळवली.

७ फेब्रुवारी

खर्च : होकायंत्रं २४०, दोन्ही तारा २१०, वाया गेलेले सेल १४४, मोठे सेल २४०, सेलचे होल्डर १५०, बटणं १२०, प्लॅस्टिकच्या पेट्या ४२०, सुया-टाचण्या-टेप ११०. एकूण १६३४. १३४ रुपये माझे. पहिली तार आणि पेन्सिल सेल टाळले असते तर १३९० मध्ये भागलं असतं.

आज सगळ्या पेट्या एकदम वापरल्या. प्रत्येक गटाला कागदात गुंडाळलेल्या तीन सारख्या पट्ट्या दिल्या : दोन चुंबक, एक साधं लोखंड. बाकी काही न वापरता लोखंड ओळखा. चार गटांनी "ज्याला ओढ लागते ते चुंबक" असं धरलं आणि अडकले, कारण तिन्ही एकमेकांना कुठे ना कुठे ओढतच होत्या. लोखंडाची दोन्ही टोकं चुंबकाकडे ओढली जातात. दूर मात्र चुंबकच चुंबकाला ढकलतो. पुढच्या दहा मिनिटांत सहाही गटांनी ढकलणारी जोडी शोधली, उरलेली पट्टी लोखंड.

५ जानेवारीला पुस्तकाबद्दल विचारणारी मुलगी शेवटी थांबली होती. कागद सोडल्यावर तिनं दोन्ही चुंबक उचलले आणि रंग न बघता आधी मैदानातल्या चुन्याच्या रेषेकडे गेली. दोरा तिच्या खिशात होता.